दोन टॉवरच्या फटीत फूल कसं उमलणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतरच्या तुमच्या अंकात पहिल्या पानावर आतषबाजीचा मोठा फोटो होता आणि आतल्या पानावर हवा बिघडल्याची बातमी, दोन्ही वाचलं आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. फटाक्यांवर पत्र म्हटलं की लगेच दोन बाजू पडतात, एक म्हणते बंदच करा, दुसरी म्हणते वर्षातून एकदाच तर वाजवतो. मला त्या भांडणात पडायचं नाहीये. मला आकाशातली शोभेची दारू मनापासून आवडते, लहानपणापासून आवडते, दर दिवाळीला मी गच्चीवर वही घेऊन बसते आणि काय काय उडलं ते लिहून ठेवते. आणि आवडते म्हणूनच सांगते, आपण ठाण्यात ती ज्या पद्धतीने उडवतो त्यात ती कुणालाच नीट दिसत नाही. खर्च होतो, धूर होतो, कान फुटतात, आणि जे बघायचं तेच राहून जातं.

मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, माजिवड्याला अकराव्या मजल्यावर राहते. ही आवड माझ्या बाबांची. ते वागळे इस्टेटमध्ये कंपनीत होते, लक्ष्मीपूजन झालं की मला तलावपाळीला घेऊन जायचे, कठड्यावर बसवायचे आणि म्हणायचे, पोरी, लख्ख झालं की मोजायला लाग, आवाज आला की थांब. कळव्याच्या बाजूला एखादा बाण फुटला की माझे सहा आकडे मोजून व्हायचे आणि मग बारीकसा फट् ऐकू यायचा. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे सहा सेकंदांना दोन किलोमीटर, हे गणित मी शाळेत शिकायच्या आधी त्या कठड्यावर शिकले. तेव्हा ठाण्यात एवढं उंच काहीच नव्हतं, कुठूनही आकाश दिसायचं.

आता या वर्षीचं सांगते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या दोन विंगच्या मधल्या जागेत कुणीतरी १२० शॉटचं खोकं आणून ठेवलं. त्या दोन विंगमधलं अंतर ६० फूटसुद्धा नसेल, मधे गाड्या, दोन झाडं, आणि मुलं गोल करून उभी. शॉट सुरू झाले आणि ते फुटत होते बरोबर आमच्या मजल्याच्या उंचीला, म्हणजे शंभर-सव्वाशे फुटांवर. मी खिडकीत होते, माझ्या डोळ्यांसमोर ३० फुटांवर लाल-पांढरं काहीतरी फुटतंय, ठिणग्या समोरच्या विंगच्या ग्रिलवर आपटून खाली पडतायत, आणि खाली उभी मुलं मान मोडून वर बघतायत तर त्यांना फक्त एक उजेडाचा ठिपका आणि धूर. पन्नास-साठ शॉट झाल्यावर खोकं कलंडलं, उरलेले तिरके सुटले, त्यातला एक चौदाव्या मजल्यावरच्या काकूंच्या बाल्कनीत गेला आणि वाळत घातलेली साडी पेटली. काकूंच्या मुलाने धावत जाऊन बादली ओतली म्हणून निभावलं. कुणाला लागलं नाही, पण काकू दुसऱ्या दिवशीही थरथरत होत्या, आणि सोसायटीच्या ग्रुपवर मात्र रात्रभर टाळ्यांचे इमोजी.

मला वाईट याचं वाटतं की ज्यांनी ते खोकं आणलं त्यांनी बरेच पैसे घातले असणार, आणि त्यांनाही काही दिसलं नाही.

हवेत उडणारी दारू ही लांबून बघायची गोष्ट आहे, हे तिच्या रचनेतच आहे. मोठ्या कार्यक्रमात जे उडवतात तो असतो गोळा, कागदाचा गोल डबा, तो एका जाड नळीत ठेवतात, खाली बार असतो तो पेटला की गोळा वर फेकला जातो, त्याच वेळी त्याची आतली वात जळायला लागते, गोळा वर पोचून थांबायच्या बेताला आला की वात संपते आणि आतला बार त्याला फोडतो आणि आत रचलेले तारे, म्हणजे रंगीत दारूच्या छोट्या गोळ्या, चारी बाजूंना उधळतात. थांबायच्या बेताला हे महत्त्वाचं, कारण गोळा तेव्हा स्थिर असतो म्हणून फूल गोल उमलतं, जरा लवकर फुटला की फूल वर ओढल्यासारखं दिसतं आणि उशिरा फुटला की खाली ओघळतं. अंदाजे हिशोब असा आहे की गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचाला १०० फूट उंची, म्हणजे ३ इंची गोळा ३०० फुटांवर फुटतो आणि त्याचं फूल सव्वाशे-दीडशे फूट रुंद होतं. आणि अमेरिकेत वर्षानुवर्षं वापरतात तो सुरक्षेचा हिशोब काय, तर दर इंचाला ७० फूट लांब उभं राहायचं, ३ इंचीला २१० फूट, ६ इंचीला ४२० फूट.

आता तुम्हीच बघा, ३०० फुटांवरचं फूल तुम्ही ६५० फुटांवरून बघितलं तर मान जेमतेम २५ अंश वर करावी लागते, सगळं फूल एका नजरेत मावतं, तारे कुठून निघाले कुठे विझले सगळं दिसतं. तेच खाली जाऊन उभं राहिलात तर दिसतो फक्त फुलाचा तळ, आणि अंगावर राख. म्हणजे जीव सांभाळायला जेवढं अंतर लागतं त्याच्याहून जास्त अंतर नुसतं नीट बघायला लागतं. खोक्यातले शॉट लहान असतात, हे आकडे त्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत हे मला माहीत आहे, पण ६० फुटांच्या फटीत तेही बसत नाहीत.

आवाजाचंही तेच. आपल्याकडे फटाक्याच्या आवाजाची मर्यादा फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल अशी मोजतात. जमिनीवर फुटणाऱ्याला ते ठीक आहे, माणूस वात लावून पळतो. पण शॉट जेव्हा अकराव्या मजल्यासमोर फुटतो तेव्हा तिथे घरात झोपलेलं बाळ असतं, ते पळून कुठे जाणार?

आणि शोभेला आवाज लागतच नाही हो. कानठळ्या बसवणारा शॉट वेगळा आणि फूल उमलवणारा गोळा वेगळा. फुलातला बार फक्त कवच फोडण्यापुरता असतो. विलो म्हणतात त्यात तर, म्हणजे ते सोनेरी तारे उंचावरून झिरमिळत हळूहळू खाली येतात आणि वाटेत विझतात, त्याचा आवाज लांबून नुसता धप् असा येतो. त्यात सोनेरी शेपूट देणारी वस्तू म्हणजे साधा कोळसा, लाकडी कोळशाचे बारीक कण जळत खाली येतात. माझ्या वहीत विलोची नोंद आठ वर्षांत फक्त तीनदा आहे. हल्ली ड्रोनचे शो करतात, मी एक बघितलाय, छान होता, पण विझत विझत खाली येणारं सोनं त्यात नाही.

प्रकारांची नावं बरीचशी फुलाझाडांवरूनच आहेत. तारा नुसता रंगाचा ठिपका होऊन पळतो आणि मागे शेपूट ठेवत नाही ते पिओनी, शेपूट ठेवतो ते क्रिसॅन्थेमम म्हणजे आपली शेवंती. जाड जाड मोजक्या फांद्या निघाल्या तर पाम. एक तारा उडताना मधेच चार तुकड्यांत फुटून फुली करतो तो क्रॉसेट. तडतड लाह्यांसारखं वाजतं ते क्रॅकल. पांढरं लुकलुकणं, काजव्यांचं झाड असावं तसं, त्यात बहुतेक मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू. रुपेरी चमकत्या ठिणग्या टायटॅनियमच्या. आपल्या भुईनळ्यातल्या ठिणग्या लोखंडाच्या किसाच्या, तेच लोखंड फुलबाजीत.

जपानी कारागीर एका फुलात दोन-तीन रंग बदलतात, लाल निघतं, मधेच निळं होतं आणि शेवटी पांढरं होऊन सगळं एकदम विझतं. हे कसं करतात ते मी वर्गात सांगते तेव्हा संक्रांतीच्या हलव्याचं उदाहरण देते. आपण तीळ परातीत घेऊन चमचा चमचा पाक सोडत फिरवत राहतो, थरावर थर चढतो आणि काटा येतो, तसंच ते बारीक दाणा भांड्यात फिरवत ओलं मिश्रण थर थर चढवतात, एक थर वाळला की दुसरा, आणि रंग बदलायचा तिथे मिश्रण बदलायचं. जळताना उलटा प्रवास, बाहेरचा थर आधी. शेकडो तारे एकाच क्षणी रंग बदलतात म्हणजे प्रत्येकाचा थर सारख्याच जाडीचा असणार, ज्यांनी घरी हलवा केलाय त्या बायकांना हे काय कष्टाचं काम आहे ते लगेच कळेल, माझ्या आईला कळलं होतं.

रंगांचं तर विचारूच नका. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला आम्ही तारेवर क्षार घेऊन ज्योतीत धरतो ना, तेच वर आकाशात. स्ट्रॉन्शियम लाल, कॅल्शियम विटकरी-केशरी, सोडियम पिवळा, बेरियम सफरचंदी हिरवा, तांबं निळा. सगळ्यात अवघड निळा. तांबं आणि क्लोरीन मिळून कॉपर क्लोराइडचा रेणू ज्योतीत तयार होतो तो निळा देतो, पण ज्योत साधारण १२०० अंशांच्या वर गेली की तो रेणूच मोडतो, आणि ज्योत थंड ठेवली तर उजेड पडत नाही. त्या बारीकशा पट्ट्यात सगळा खेळ. म्हणून बाजारातला निळा बहुतेक वेळा फिकट पांढरट दिसतो, आणि खरा गडद निळा दिसला तर समजायचं की करणाऱ्याला काम येतंय. जांभळ्यात तर लाल आणि हा नाजूक निळा दोन्ही सांभाळायचे असतात.

आणि हे रंग फार जुने नाहीत. पेशव्यांच्या बखरीत एक गोष्ट आहे, महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना राजस्थानातल्या कोटा शहराच्या दिवाळीचं वर्णन सांगितलं, तिथे दारूची लंका करतात, रावण, राक्षस, वानर सगळे दारूचे, आणि मारुतीची शेपटी पेटवली की तो उडत जाऊन लंका जाळतो, ते ऐकून पेशव्यांनी तसाच खेळ करायला सांगितला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तो झाला. पुण्यात भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी आपल्याकडच्या दारूकामाचा इतिहास शोधून काढला त्यातही ही हकीकत येते. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे क्लोरेट, म्हणजे जळताना ऑक्सिजन पुरवणारा क्षार, वापरून असे भडक रंग करायला १८३० च्या सुमारास युरोपात सुरुवात झाली, त्यामुळे ती लंका बहुतेक कोळशाच्या सोन्यात आणि लोखंडाच्या ठिणग्यांतच जळाली असणार, आणि तरी लोकांनी ती लिहून ठेवली. आणि दुसरं, ती पुण्याच्या पेठांतल्या बोळांत केली नाही, पर्वतीच्या पायथ्याशी मोकळ्यावर केली.

आता कायद्याचं थोडं सांगते कारण त्याबद्दल आमच्या ग्रुपवर वाट्टेल ते फिरत असतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये निकाल दिला, माळांवर बंदी, बेरियमच्या क्षारांवर बंदी, ऑनलाइन विक्री बंद, दिवाळीला रात्री ८ ते १०, आणि जिथे जमेल तिथे ठरवून दिलेल्या जागी एकत्र फटाके उडवायला उत्तेजन द्यावं असंही त्यात आहे. बेरियमवरची बंदी २०२१ ला कोर्टाने पुन्हा ठासून सांगितली. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने हरित फटाक्यांची सूत्रं तयार केली, त्यात धुळीचे कण किमान ३० टक्क्यांनी कमी व्हावेत अशी अट आहे. म्हणजे कण कमी होतात, नाहीसे होत नाहीत, हेही समजून घ्यायला हवं. या वर्षी माझ्या वहीत झगझगीत हिरव्या शॉटच्या सतरा नोंदी आहेत. बोरॉननेही हिरवा येतो, पण एवढा झगझगीत मला तरी बोरॉनचा वाटत नाही, बंदी असलेल्या बेरियमचाच वाटतो.

कोर्टाने सांगितलेली ती ठरवून दिलेली जागा, तीच मला हवी आहे, तेवढ्यासाठीच हे सगळं लिहितेय. ठाणे महापालिकेने आणि तिकडे नवी मुंबईनेही लक्ष्मीपूजनाच्या रात्री शहराच्या दोन-तीन भागांत एकेक आकाशाचा कार्यक्रम करावा. परवानाधारक माणसाकडून, पोलिसांची आणि अग्निशमन दलाची रीतसर परवानगी घेऊन, फक्त १०-१२ मिनिटांचा. आवाजाचे गोळे नकोत, फक्त फुलं. वेळ आठ दिवस आधी पेपरात छापून यावी, म्हणजे ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, दमेकरी आहे, कुत्रा आहे ते खिडक्या लावून तयारीत राहतील, आत्ता त्यांना चार रात्री कधी काय फुटेल पत्ता नसतो. आणि सोसायट्यांनी खोक्यांचे पैसे वाचवून गच्चीवर खुर्च्या टाकाव्यात, त्या उंच टॉवरचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

जागा मात्र विचार करून निवडा, नाहीतर कुणीतरी लगेच उपवन म्हणेल. उपवनला नको, वर येऊरचं जंगल आहे, तिथले प्राणी रात्रीच बाहेर पडतात. तलावपाळीला नको, चारी बाजूंनी इमारती आणि दिवाळीची गर्दी. खाडीच्या काठाला नको, ठाणे खाडीला २०२२ ला रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय, दर्जा मिळालाय, आणि माझी नेरूळची ताई म्हणते ३१ डिसेंबरला लोक पामबीचच्या बाजूला जे उडवतात तेव्हा पाणथळ जागांवर फ्लेमिंगो असतात. नेदरलँड्समध्ये नववर्षाच्या रात्री रडारवर बघितलंय, फटाके सुरू झाले की हजारो पक्षी एकदम उठतात आणि एरवी कधी जात नाहीत एवढ्या उंच, ५०० मीटरपर्यंत जातात, अंधारात. त्यामुळे मोठं मैदान हवं, भोवती निदान २५०-३०० फूट मोकळं, दवाखाना-शाळा लांब, ३ इंचाच्या वर गोळा नको. अशी मैदानं ठाण्यात आणि नवी मुंबईत आहेत, पाहणी करून यादी करा, मी स्वतः टेप घेऊन यायला तयार आहे.

अजून एक, धुराचं. पहिली पाच मिनिटं जे दिसतं ते नंतर दिसत नाही. दिवाळीच्या सुमारास रात्री हवा बसलेली असते, धूर वर जातच नाही, साडेआठनंतर माझ्या वहीत नुसतं धूसर, धूसर असंच लिहिलेलं आहे, रंग ओळखताच येत नाहीत. शंभर सोसायट्या एकदम उडवतात तेव्हा प्रत्येकजण दुसऱ्याच्या धुरात उडवत असतो. ठरलेल्या कार्यक्रमात मधे दोन-तीन मिनिटं थांबता येतं, वारा पाठीवर येईल अशी लोकांची बाजू ठरवता येते, वारा नसेल तर पुढे ढकलता येतं.

माझे विद्यार्थी दर वर्षी विचारतात, मॅडम, तुम्हाला एवढं येतं तर आपण एक छोटासा करून बघू या का? नाही. घरी, गच्चीवर, लॅबमध्ये, कुठेही नाही, यूट्यूबवर काहीही दाखवू देत. परवान्याशिवाय करणं गुन्हा आहे आणि त्याआधी ते बोटं, डोळे नेणारं आहे, क्लोरेट आणि गंधक एकत्र घासलं तरी पेटू शकतं म्हणून ते मिश्रण आपल्याकडे १९९२ पासून बंद आहे. माल्टा नावाचा छोटा देश आहे, तिथे गावोगाव हौशी लोक संतांच्या उत्सवासाठी वर्षभर राबून स्वतः गोळे करतात, पण परवाना घेऊन, गावाबाहेरच्या कारखान्यात, आणि तरी तिथे अपघातात माणसं जातात. केरळात २०१६ ला पुट्टिंगल देवळात शंभरहून जास्त माणसं गेली ते आपण पाहिलंच. आपल्याकडे हौस ती बघण्याची, मोजण्याची, फोटो काढण्याची, आणि ती काही कमी हौस नाही.

फोटोवरून आठवलं. तुमच्या पहिल्या पानावरचा फोटो सुंदर होता, ट्रायपॉडवर चार-पाच सेकंद शटर उघडं ठेवून काढला असणार. पण अशा फोटोत प्रत्येक तारा रेघ ओढतो, त्यामुळे पिओनीसुद्धा शेवंतीसारखी दिसते, आणि चार शॉट एकावर एक चढून आकाश भरलेलं वाटतं, प्रत्यक्षात त्या क्षणी तिथे एकच असतो. लोक मग तसं आकाश मिळवायला अजून मोठं खोकं आणतात. पुढच्या वर्षी फोटोखाली एवढं छापाल का, की हा किती सेकंदांचा आहे आणि किती लांबून काढलाय?

आमच्या सोसायटीच्या कमिटीपुढे मी हा विषय ठेवलाय, काकूंनी जळकी साडी सोबत आणली होती. प्रभागाच्या ऑफिसात अर्जही दिलाय, त्याला मैदानांचा हिशोब जोडलाय. तुमच्या वाचकांपैकी कुणी घोडबंदर, कळवा, ऐरोली, खारघर या भागात असं मोकळं मैदान सुचवणार असेल तर तुमच्या पत्रव्यवहाराच्या पानावर जरूर कळवा, मी जाऊन अंतरं मोजून घेईन. पुढच्या दिवाळीला अजून वेळ आहे, परवानग्यांना महिने लागतात म्हणून आत्ताच लिहितेय.

आपली,
एक वाचक, माजिवडा, ठाणे (पश्चिम)